दोघींची अळशी

सकाळपासून अळशी भाजतेय. कढई तापली की दाणे आधी नुसते इकडून तिकडे सरकतात, मग तडतडायला लागतात, आणि घरभर एक तेलकट, किंचित कडवट वास पसरतो. माझी लेक सुजाता ऑफिसला निघताना नाकाला ओढणी लावून म्हणाली, "आई, खिडकी तरी उघड." तिला हा वास आवडत नाही. खरं सांगायचं तर मलाही आवडत नाही. तरी दरवर्षी दिवाळी आटपून थंडी पडली की मी अळशी आणवते, निवडते, भाजते, आणि दिवसभर कुणाशी धड बोलत नाही. घरातले म्हणतात, आईला थंडी मानवत नाही. म्हणू देत.

यंदा लाडवांना निमित्त आहे. सुजाताची मुलगी तनू उद्या शाळेच्या कॅम्पला निघाली आहे. बरगीला. तंबूत राहणार, धरणाच्या पाण्यावर नावेत बसणार, आणि "आजी, वहाँ घोड़े भी हैं," हे ती मला दोनदा सांगून गेली. तनूला मराठी सगळं कळतं, पण बोलायची वेळ आली की तिची जीभ हिंदीकडे वळते. जबलपुरात वाढलेल्या पोरांचं असंच असतं. मी मराठीत रागावते, ती हिंदीत रुसते, आमचं भागतं. लाडू ती खाणार नाही, मैत्रिणींनाही देणार नाही, परत आणील आणि डबा हळूच ओट्यावर ठेवील. हे माहीत असूनही मी भाजतेय.

एका हिवाळ्यात आमच्या घरी दोघींसाठी अळशी व्हायची. एक मी. पहिलटकरीण, आठवा लागलेली, बाळंतपणाला माहेरी आलेली. दुसरी कोयल. कोयल म्हणजे घोडी.

माझे बाबा सईस होते, घोड्यांची निगा राखणारे. मूळचे भंडाऱ्याकडचे. नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होतं तेव्हा काम शोधत छोट्या गाडीनं इकडे आले आणि इथलेच झाले. पुढे राज्यं वेगळी झाली, नातेवाईक हद्दीपलीकडे राहिले आणि आम्ही अलीकडे. आमच्या ओळखीतली मराठी माणसं बहुतेक कारखान्यात, नाहीतर रेल्वेत. माझे यजमानही कारखान्यातच होते. बाबा तेवढे घोड्यांत. माय त्यावरून त्यांना सारखी टोचायची, "सारी दुनिया मशीनवर गेली अन् तुमी अजून लिदीतच." बाबा हसायचे. त्यांचं हसू मिशीत सुरू होऊन मिशीतच संपायचं.

आधारतालच्या बाजूला एक सरकारी तबेला होता आणि त्याला लागूनच आमचं क्वार्टर. तिथले घोडे कॉलेजच्या मुलांना घोडेस्वारी शिकवायला ठेवलेले. वर्षभर मुलं त्यांच्यावरून पडायची, आणि नाताळच्या सुट्टीत एकदा मुलं, घोडे, तंबू असा सगळा लवाजमा नर्मदेकाठी बरगीच्या बाजूला कॅम्पला जायचा. तेव्हा तिथं धरण नव्हतं. गावं होती, वाळू होती, काठावर हरभऱ्याची शेतं होती. घोडे चालत जायचे, अख्खं जबलपूर ओलांडून, ओमतीच्या भर बाजारातून, तिलवाऱ्याच्या पुलावरून. म्हणून तयारी दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आधीच सुरू व्हायची.

ती तयारी मला अजून लख्ख आठवते. तबेल्यात उभं राहून सुस्तावलेला घोडा एकदम रस्त्यावर काढला तर मोडतो. म्हणून त्याला रोज थोडं थोडं जास्त चालवायचं. पाठीवर जीन घासून फोड येऊ नयेत म्हणून मिठाच्या पाण्यानं पाठ कडक करायची. कॅम्पात भिंती नसतात, तिथे आगाडी-पिछाडी, म्हणजे पुढचे-मागचे दोर, मेखांना बांधून घोडे उघड्यावर उभे करतात. त्याचीही सवय लावायची. तंबूचं कापड वाऱ्यानं फडफडतं, त्याला घोडा बुजतो. म्हणून बाबा आणि त्यांच्या जोडीचे मुन्ना भैया मैदानात काठ्यांवर गोणपाटं बांधून ठेवायचे आणि एकेका घोड्याला त्यांच्यामधून फिरवून आणायचे. संध्याकाळी खरारा. तो लोखंडी खरारा अंगावरून फिरला की उन्हात धुळीचा ढग उठायचा, आणि त्या ढगातून बाबांचा खोकला ऐकू यायचा.

आणि अळशी. चंदीत, म्हणजे घोड्याच्या धान्यात, शिजवलेली अळशी मिसळली की अंगावर तेज येतं. ती नीट शिजवावी लागते, अर्धवट शिजली तर पोटात बाधते. तबेल्यातली चूल सगळ्या घोड्यांची चंदी शिजवताना अपुरी पडायची. कोयलची अळशी बाबा घरी घेऊन यायचे आणि मागच्या अंगणातल्या चुलीवर मोठ्या गंजात रटरटत ठेवायचे. शेजारच्या शेगडीवर मायची कढई, तिच्यात माझ्या लाडवांची अळशी. माय वैतागायची.

"घोडीच्या अन् पोरीच्या पायी माह्यं सारं सरपण जाऊन राहिलं."

"दोघीबी माह्याच लेकी," बाबा म्हणायचे. "एकीले देईन अन् एकीले नाही देईन, असं कसं?"

मग माझ्याकडे वळून, "खाऊन घे वं बाई. तिनं पाहाय कसा तोबरा चाटून पुसून साफ केला." तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधतात ती चंदीची पिशवी. म्हणजे मी घोडीचा आदर्श ठेवून खायचं. मला राग यायचा आणि हसूही यायचं. आई व्हायच्या आधीचे ते दिवस, अंग जड, मन हलकं. बाबांच्या त्या बोलण्यावर मी खरंच एक लाडू जास्त खायचे.

कोयल काळपट तांबूस होती, आणि आवाजानं गोड होती म्हणून तिचं नाव कोयल. बाबांचे पाय ओळखून आतून गुरगुरल्यासारखा बारीक आवाज काढायची. वय झालं होतं. डोळ्यांवरचे खळगे खोल गेले होते. कॉलेजच्या मुलांतल्या सगळ्यात भित्र्या मुलाला कोयल द्यायचे, कारण ती कुणाला पाडत नसे. पोरगं एका बाजूला कलंडलं की ही आपणहून त्या बाजूला सरकायची.

बाबांची एक सवय होती. सकाळी तबेल्यात गेले की ते आधी कुठल्याच घोड्याच्या तोंडाकडे बघत नसत. उकिडवे बसायचे आणि घोड्याच्या पुढच्या पायावरून, गुडघ्यापासून खुरापर्यंत, हाताची पालथी बाजू सावकाश खाली न्यायचे. पाय थंड लागला पाहिजे. गरम लागला तर आत काहीतरी बिघडलंय. पाय झाले की मग तोंड, मग नाव, मग लाड. मी माहेरी आले तेव्हा माझे पाय सुजले होते. मी टांग्यातून उतरल्या उतरल्या बाबांनी आधी माझ्या घोट्याकडे पाहिलं आणि काळजीनं म्हणाले, "पाय भरून राहिले वं तुये. माती लावू का?" माय संतापली, मी मात्र टांग्याला धरून हसत सुटले.

त्याच आठवड्यात कोयलचा पाय गरम लागला. पुढचा डावा. गुडघ्याखाली मागच्या बाजूला दोरीसारखी जी शीर असते, ती फुगली होती. लंगडत नव्हती, पण वळताना पाय जपत होती. बाबा घरी आले आणि न जेवता बसून राहिले. माझ्या बापाला मी तोवर असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

काळजी पायाची नव्हती, लिलावाची होती. कॅम्पच्या आधी डॉक्टर साहेब प्रत्येक घोडा चालवून, दौडवून बघायचे. जो पास झाला तो कॅम्पला जायचा आणि पुढचं वर्षभर त्याची चंदी चालू राहायची. म्हाताऱ्या घोड्याचं त्या दिवशी काही चुकलं तर तो लिलावात. लिलावातून घोडे कुठं जातात हे बाबांना चांगलं माहीत होतं. त्याच्या आदल्याच वर्षी सुलतान नावाचा पांढरा घोडा असाच गेला होता. काही महिन्यांनी बाबांना तो ओमतीच्या टांगा स्टँडवर दिसला. फासळ्या मोजून घ्याव्यात असा, खांद्यावर जूचे व्रण, त्यावर माश्या. त्यानं बाबांना ओळखलं आणि टांग्यासकट त्यांच्याकडे वळला. टांगेवाल्यानं चाबूक मारला. बाबा घरी येऊन मायला एवढंच म्हणाले, "कोयलचं असं नाही होऊ देणार मी. काही झालं तरी."

काही झालं तरी. हे तीन शब्द आपण किती सहज बोलतो.

मग बाबा कामाला लागले. रोज उजाडायच्या सुमाराला ते कोयलला क्वार्टरसमोरच्या तळ्यावर न्यायचे आणि गुडघाभर पाण्यात उभं करायचे. डिसेंबरातलं जबलपूर, तळ्यावर धूर तरंगावा तसं धुकं. तिला एकटीला भरवसा वाटत नसे, म्हणून बाबाही धोतर खोचून तिच्या बरोबर पाण्यात. तोंडानं काहीतरी पुटपुटत, तिच्या मानेवर हात ठेवून. मी ओट्यावर शाल गुंडाळून बसायचे. धुक्यात मला फक्त घोडीची पाठ आणि बाबांचा मफलर दिसायचा. परत आले की मुलतानी माती सिरक्यात कालवून पायावर लेप, त्यावर पट्टी. लेप लावताना ते जवळजवळ गात असत. आठवड्याभरात सूज उतरायला लागली. आणखी काही दिवसांनी पाय दुसऱ्या पायासारखा सरळ दिसायला लागला. उलटा हात फिरवला की थंड.

"गेलं," बाबा मला म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला होता की जणू त्यांचाच पाय बरा झाला. "सारं गेलं, बाई. हात लावून पाहाय."

मी हात लावला. थंड होता. मीही म्हटलं, गेलं.

थंड पाण्यानं आणि मातीनं सूज जाते. शीर त्यानं सांधत नाही, तिला महिनोन्महिने विश्रांती लागते. पाय बरा दिसणं वेगळं आणि बरा असणं वेगळं. बाबांना हे कळत होतं की नव्हतं, हे मला आजही ठाऊक नाही. आयुष्य घोड्यांत गेलेल्या माणसाला हे कळत नसेल, असं मनाला पटत नाही. आणि कळूनही त्यांनी केलं असेल, हेही पटत नाही. मला वाटतं, आपल्याला एखादी गोष्ट फार हवी असली की आपण तिच्याकडे फक्त हवं तिथूनच बघतो. माझ्या ओळखीत आजारी माणसांच्या बाबतीत हेच केलेली कितीतरी माणसं आहेत, आणि त्यांच्यापैकी एकही वाईट नाही.

अळशी मात्र काम करत होती. कोयल अशी चकाकायला लागली की मुन्ना भैया म्हणाले, "दशरथ भाई, इसकी तो शादी करनी पड़ेगी अब." तपासणीच्या दिवशी बाबांनी तिची आयाळ विंचरून एका बाजूला बसवली, पेंढ्याच्या गुंडीनं अंग चोळून काढलं, खुरांना तेल लावलं. डॉक्टर साहेब भले गृहस्थ होते, घाई करणारे नव्हते. त्यांनी पाय उचलून पाहिला, दाबून पाहिला, मैदानात दौडवून पाहिली. मऊ माती, ताजं जनावर, ती सरळ दौडली.

"पैर तो एकदम साफ़ है," साहेब म्हणाले. "इस साल तो यही सबसे अच्छी लग रही है, दशरथ."

मी कुंपणाशी उभी होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मिशीत नव्हे, पुऱ्या तोंडानं हसले. त्यांचं ते हसू आठवलं की मला अजून कुठंतरी पळून जावंसं वाटतं.

पास झालेल्या घोड्यांना नवे नाल ठोकले जायचे, आणि पुढच्या एका खुरावर नंबर डागला जायचा. खूर म्हणजे नखच. वाढतं तसा नंबर खाली सरकतो आणि छाटला जातो, म्हणून दर कॅम्पच्या आधी नव्यानं डागायचा. तापलेल्या लोखंडानं खुराच्या बाहेरच्या बाजूला. घोड्याला दुखत नाही, आपल्यालाच जळक्या केसांसारखा वास सहन होत नाही. पलटणीच्या जुन्या काळातला एक नियम तबेल्यात अजून चालत होता. घोडा बाहेरगावी मेला, तर हा नंबराचा खूर कापून आणून दाखवायचा. तेव्हाच तो कागदावरून उतरायचा. कुणी घोडा विकून मेला म्हणून सांगू नये, एवढ्यासाठी. बाबांनी हे मला लहानपणीच सांगितलं होतं आणि मी ते एखादी गोष्ट ऐकावी तसं ऐकलं होतं. कोयलचा नंबर बाबांनी स्वतः डागला. दुसऱ्या कुणाला लोखंड धरू दिलं नाही. आकडे वाकडे येतात, म्हणाले.

निघायच्या दिवशी घोड्यांची रांग फाटकातून बाहेर पडली. तोबरे, दोरांची भेंडोळी, मेखांच्या पिशव्या खणखणत होत्या. नालांचा डांबरावर टापटाप आवाज. सगळ्यात पुढे कोयल, कारण ती सगळ्यात चांगली दिसत होती, आणि तिच्या लगामाला बाबा. माझे दिवस भरत आले होते. माय म्हणाली, "पोरीले सोडून कायले चाल्ले तुमी? मुन्ना भैया जाईल न."

"तिले माह्या हाताची सवय आहे," बाबा म्हणाले. मायनं यावर जे तोंड केलं ते मी विसरणार नाही. मला मात्र वाईट वाटलं नाही. मला वाटलं, माझ्याजवळ माय आहे, कोयलजवळ कोण आहे?

ते गेले आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी सुजाता झाली. घरीच झाली, दाईच्या हातून. बाहेर कुठंतरी गाड्यांचे भोंगे वाजत होते आणि तबेला इतका रिकामा होता की तिचं रडणं समोरच्या भिंतीवर आपटून परत येत होतं. बाबांना निरोप कसा द्यायचा? आज येतील, उद्या येतील करत आम्ही बसलो. मी मनात ठरवून ठेवलं होतं की बाबा आले की आधी तिच्या पायावर हात फिरवतील, आणि मग मी त्यांना हसणार.

आधी मुन्ना भैया आले. सायकलवर, एकटे. दारातच बसले. पाणी प्यायले, बाळाबद्दल ऐकलं, "बधाई हो भाभी," मायला म्हणाले, आणि तोंड फिरवून रडायला लागले. त्यांनी जे सांगितलं ते तुकड्या-तुकड्यात सांगितलं. बरगीच्या पुढे नदीकाठी गोट्यांचा पट्टा होता. त्या दिवशी लांबची रपेट होती. कोयल सगळ्यात चांगली म्हणून तिला पुढे ठेवली, आणि तिच्यावर नेहमीचा भित्रा मुलगा नव्हता, एक भरदार, सराईत मुलगा होता. गोट्यांवर तिचा डावा पाय पडला आणि शीर तुटली. खूर वर उचलला गेला आणि पाय घोट्यातून जमिनीला टेकला. तरी तिनं पोराला पाडलं नाही. तो उतरेपर्यंत उभी राहिली.

डॉक्टर साहेबांनी पाय पाहिला आणि पिस्तूल मागवलं. दुसरा इलाज नसतो. बाबांना म्हणाले, "दशरथ, तुम हट जाओ. रस्सी किसी और को दे दो."

"और बोला नहीं वो कुछ," मुन्ना भैया म्हणाले. "बस इतना कि साहब, वो मेरे हाथ से खड़ी रहती है."

आणि बाबांनी दोर धरला. ती त्यांच्या हातात स्थिर उभी राहिली.

आमच्या घरी पौर्णिमेला बुद्धवंदना होते, पंचशील म्हणतात. त्यातलं पहिलं शील जीव न घेण्याचं. त्यानंतर बाबा वंदनेला बसायचे, हात जोडायचे, पण पहिल्या शीलाला त्यांचे ओठ मिटलेले असायचे. दुसऱ्यापासून आवाज लागायचा. माझ्या कानाला ती जागा रिकामी लागायची, आणि अजून लागते.

बाबा आले ते दुसऱ्या दिवशी दुपारी. खांद्यावर एक पोतं होतं, तोंड सुतळीनं बांधलेलं. त्यात मीठ होतं, आणि मिठात कोयलचा खूर. कचेरी सुट्टीमुळे बंद. पोतं कुठं ठेवायचं? माय एरवी असलं काही मानत नसे, पण ओल्या बाळंतिणीच्या घरात ते तिनं आणू दिलं नाही. बाबांनी अंगणातल्या जांभळीच्या फांदीला पोतं टांगलं. वासावर कुत्री जमली. बाबा हातात काठी घेऊन जांभळीखाली बसले.

माय बाळाला दुपट्यात गुंडाळून बाहेर घेऊन गेली. "नात झाली. घ्या न."

बाबांनी हात पाठीमागे नेले.

"घ्या न. काहून असं करून राहिले?"

"नको," ते म्हणाले. "हात चांगले नाही माह्ये."

ते हातपंपावर गेले आणि हात धुतले. परत येऊन बसले. पुन्हा उठून धुतले. मी खिडकीतून बघत होते. संध्याकाळ होईपर्यंत ते उठून हात धूत होते आणि बाळाला घेत नव्हते. मी आतून हाक मारली, "बाबा," तर त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "म्याच तिले चांगली दिसवली, पोरी. पाय सुजलेला राह्यला असता त वाचली असती ते." एवढंच.

कचेरी उघडली तेव्हा त्यांनी पोतं न्यायला काढलं. सुतळी सैल झाली होती, मला आत दिसलं. आकडे काळे, स्वच्छ, एकही वाकडा नाही. नाल नवा होता, झिजलाही नव्हता.

बाबांनी गाईंच्या गोठ्यावर बदली मागून घेतली. गाईंचं दूध निघतं, त्यांना कुठं जावं लागत नाही, असं ते कुणी विचारलं तर सांगायचे. पण मला सगळ्यात जास्त लागलं ते सुलतानचं. तो जगला. वर्षानुवर्षं ओमतीला टांग्याला जुंपलेला दिसायचा. फासळ्या तशाच, खांद्यावरचे व्रण तसेच, आणि तो तोंड खाली घालून गवत खात असायचा. मी बाजारात गेले की मुद्दाम थांबून बघायचे. कान हलवायचा, शेपटीनं माश्या वारायचा. कधी उन्हात डोळे मिटून उभा असायचा. दुःखी होता का? असेल. पण हिवाळ्याचं ऊन त्याच्या पाठीवर पडत होतं. बाबा त्या रस्त्यानं कधी गेले नाहीत. भाजी आणायची तरी फेरा घालून, दुसऱ्या बाजूनं जात.

कोयलला नदीकाठीच पुरलं होतं. पुढं धरण झालं, पाणी मागं चढत गेलं, काठची गावं उठली, शेतं गेली, तो गोट्यांचा पट्टाही गेला. बाबा तोवर हयात होते. पाणी चढल्याची बातमी कुणीतरी अंगणात बसून सांगितली तेव्हा ते फक्त म्हणाले, "खोल असंन आता तिथं." आज तिथं नावा चालतात. तनू उद्या त्याच पाण्यावरून जाणार आणि फोटो काढणार. मी तिला काय सांगू?

आत्ता ती नवे बूट घालून दाखवायला आली होती. मी तिच्या नाड्या बांधायला खाली बसले. माझे गुडघे कुरकुरले. नाडी बांधून झाली, आणि माझा हात आपोआप तिच्या नडगीवरून खाली गेला, पालथा.

"आजी, गुदगुदी हो रही है. क्या देख रही हो?"

"काही नाही," मी म्हटलं. "जा. बॅग भर."

सुजाता पहिल्यांदा चालली ती बाबांच्या अंगणात, पुढच्या वर्षीच्या थंडीत. तोवर बाबांनी तिला एकदाही उचललं नव्हतं. खेळणी आणायचे, दुरून बोलायचे, हात लावायचे नाहीत. माय त्यांच्याशी भांडून थकली होती. त्या दिवशी ते बाजेवर बसले होते, आणि ही पोरगी भिंत सोडून, पडत झडत, सरळ त्यांच्याकडे निघाली. त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि वर बघून हसली. बाबा बाजेवरून उतरून उकिडवे बसले आणि हाताची पालथी बाजू तिच्या इवल्या गुडघ्यापासून टाचेपर्यंत सावकाश खाली नेली. उजवा पाय. मग डावा. डाव्यावरून परत एकदा.

मी दारात उभी होते. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते झालं होतं. मी हसून म्हणाले, "थंडा आहे न, बाबा?"

"हाव," ते म्हणाले. हात अजून तिच्या पायावरच होता. "दिसते त चांगला. तरी दूर नको नेऊ तिले."